शिकणाऱ्यांची उतरंड

आरोग्य केंद्रात डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक आणि आशा एकाच रुग्णासाठी राबतात. शिकतात मात्र आपापल्या पायरीवर. वरच्याने सांगायचे, खालच्याने उतरवून घ्यायचे. ज्ञान वरून खाली पाझरते, हा भ्रम जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे खोडून काढला होता. तो अजून जिवंत आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावांनी निवडलेल्या बाया, पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित, तेथे आरोग्यसेविका झाल्या. त्यांचे प्रशिक्षण एकदा देऊन उरकले गेले नाही. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, गावातली दुखणी, बाळंतपणे, अडचणी मांडत आणि डॉक्टर-परिचारिकांसह त्यांची उकल शोधत. मुक्कामात सवर्ण आणि दलित बाया एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. मला हाही अभ्यासक्रमच वाटतो. हगवणीवर साखर-मिठाचे पाणी द्यायला शिकवणार, पण कोणाच्या हातचे पाणी चालते हा प्रश्न आधी सुटायला नको काय?

२००५ नंतर सरकारने आशा नेमल्या. त्यांनाही प्रशिक्षण मिळते. परंतु त्यांच्याकडून शिकायला डॉक्टर बहुधा बसत नाही. मी घरातला पहिला पदवीधर, महाविद्यालयात शिकवतो. कागदवाला बोलतो, बिनकागदाचा ऐकतो, हे मला नवे नाही. मूल का वाळले, आई ऊसतोडीला कधी गेली, रेशन कोणाचे बंद झाले, हे आशेला ठाऊक असते. आठवड्यातून एक तास तिने बोलावे आणि डॉक्टरांनी वही उघडावी, एवढी मागणी कार्यकर्त्यांनी आपापल्या केंद्रात लावून धरावी.