व्हीलॅन ४०

सकाळी ८:३०. चाकणच्या कारखान्यात पहिली पाळी सुरू. आज सगळे कॅमेरे व्हीलॅन १ मधून ४० मध्ये न्यायचे. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचमध्ये पाडलेलं वेगळं नेटवर्क. सिस्कोचा नवा स्विच खोक्यातून काढला की त्याचा प्रत्येक पोर्ट व्हीलॅन १ मध्येच असतो. इथे कुणी ते बदललंच नाही. ऑफिसचे कॉम्प्युटर, हजेरीची मशीनं, कॅमेरे, सगळे एकाच खोलीत कोंबलेले.

९:००. 'शो व्हीलॅन ब्रीफ', 'शो इंटरफेसेस ट्रंक', 'शो रन'. जे दिसलं ते फाइलमध्ये. ब्राउझरमधूनही हे काम होतं, पण तिथे काय काय दाबलं ते नंतर कोण सांगणार?

१०:००. खरी दमछाक इथे. पॅच पॅनेलवरची लेबलं पुसलेली. 'शो मॅक ॲड्रेस-टेबल'मधून एकेक कॅमेरा कुठल्या पोर्टवर बसलाय ते काढायचं. इलेक्ट्रिशियन काका शिडीवर. "मॅडम, हा गेटचा नाही, स्टोअरचा." पुन्हा खाडाखोड.

शिकाऊ मुलगा विचारतो, "मॅडम, ४०च का?" जवळपास कुठलाही चालला असता. व्हीलॅनच्या टॅगमध्ये नंबरला १२ बिट, म्हणजे ४०९६. ० आणि ४०९५ राखीव.

१:००. जेवणाची सुट्टी, लाइन बंद. आधी 'राइट मेमरी', मग 'रीलोड इन १५'. माझा संपर्क तुटला तर स्विच पंधरा मिनिटांनी आपोआप जुन्या सेटिंगवर उठेल. आता ट्रंकवर, म्हणजे दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४०'. यातला 'ॲड' राहिला तर आधीची यादी पुसून फक्त ४० उरतो, आणि आपण ज्या वाटेने स्विचवर आलो तीच बंद. मुलाला तो शब्द मोठ्याने वाचायला लावला.

१:१०. ट्रंक ठीक. 'रीलोड कॅन्सल'. हे विसरलं तर भर कामात स्विच बंद पडणार.

१:१५. रेकॉर्डरसकट कॅमेऱ्यांचे सगळे पोर्ट ४० मध्ये. मग कॅमेऱ्यांचे पोर्ट 'शट', 'नो शट': वीजही त्याच केबलमधून जाते, त्यामुळे कॅमेरे नव्याने उठून नवा आयपी मागतात.

२:००. गेटचा कॅमेरा काळा. त्याला आयपी हाताने दिलेला, जुन्या नेटवर्कचा. पोर्ट तेवढ्यापुरता व्हीलॅन १ मध्ये, कॅमेऱ्याचा आयपी बदलला, पोर्ट परत ४० मध्ये. चित्र आलं.

५:००. सकाळच्या आणि आत्ताच्या फाइली शेजारी ठेवल्या. बदललेल्या ओळी तेवढ्याच, ज्या बदलायच्या होत्या. 'राइट मेमरी'. उद्या हजेरीची मशीनं, व्हीलॅन ५०.