युद्धावर न गेलेल्या भावाचे दान

व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या अनेक अमेरिकन सैनिकांचे युद्ध घरी आल्यावरही संपले नाही. अचानक झालेल्या आवाजाने थरकाप उडावा, तीच दृश्ये रात्री स्वप्नात यावीत, आप्तांच्या सहवासातही मन दूर राहावे, अशी त्यांची अवस्था होती. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणाव विकार म्हणून तिला अधिकृत मान्यता दिली.

पुढे एमआरआय यंत्राने मेंदूच्या प्रतिमा घेणे शक्य झाले. अशा काही रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित असलेला मेंदूचा भाग, सरासरीने लहान आढळला. मग प्रश्न उभा राहिला : आघातामुळे तो लहान झाला, की मुळातच लहान होता? या सैनिकांचा युद्धापूर्वीचा मेंदू तर कोणी पाहिला नव्हता.

उत्तराची वाट एकरूप जुळ्या भावांनी दाखवली. मार्क गिल्बर्टसन, रॉजर पिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जोड्या निवडल्या, ज्यांतील एक भाऊ युद्धात लढला होता आणि दुसरा नव्हता. हे संशोधन २००२ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विकार तीव्र असलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होताच. पण युद्ध न पाहिलेल्या त्यांच्या भावांचाही तसाच लहान निघाला. म्हणजे काहींच्या बाबतीत आघात सोसण्याची शरीराची घडणच मुळात नाजूक असावी, असा संकेत मिळाला. संशोधनातील हा अंतिम शब्द नव्हे. परंतु या विकाराला मनाचा भित्रेपणा म्हणणाऱ्यांना ते एक सौम्य उत्तर होते.

हे ज्ञान त्या दुसऱ्या भावाविना मिळाले नसते. त्याला विकार नव्हता, उपचारही नको होते. तरीही तो आला आणि यंत्रात निश्चल पडून राहिला.

अशा संशोधनास आजही रुग्णांइतकीच निरोगी स्वयंसेवकांची गरज असते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात; चुंबक आणि रेडिओलहरींवर ते चालते. म्हणून शरीरातील पेसमेकर वा धातूची माहिती आधी द्यावी लागते. यंत्राचा आवाज मोठा असतो, जागा अरुंद असते. काही प्रयोगांत दुःखद स्मृतीही जागवल्या जातात. म्हणूनच संमतिपत्र नीट वाचून, शंका विचारूनच सही करावी. मध्येच माघार घेण्याचा अधिकार स्वयंसेवकाला असतो. आणि हेही ध्यानात असावे, की अशी तपासणी म्हणजे उपचार नव्हे.

व्यापारी कुटुंबांत दानाची नोंद वहीत होते. या दानाची रक्कम मात्र कोणत्याच वहीत मांडता येत नाही. सामायिकासाठी दोन घटिका स्थिर बसण्याचा, कायोत्सर्गात देह निश्चल ठेवण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांना स्थैर्याचे मोल सांगायला नको. आपल्या परंपरेने ज्ञानदान आणि अभयदान यांना श्रेष्ठ मानले. येथे दोहोंचा अंश आहे.

मात्र त्याआधीचे एक दान प्रत्येक घराच्या हाती आहे. दरोड्यानंतर दुकानाचे शटर उघडताना ज्याचा हात थरथरतो, अपघातानंतर जो गाडीत बसायला कचरतो, त्याला ‘आता विसर की!’ असे म्हणू नये. त्याचे ऐकून घ्यावे, त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि ही गोष्ट समाजापासून लपवण्याचे ओझे त्याच्या मनावर ठेवू नये. अभयदानाचा आरंभ घरातूनच होतो.