मामासाठी सुरी: लोखंड तापवण्यापासून म्यान शिवण्यापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. आज मी तुम्हाला एका सुरीची गोष्ट सांगणार आहे. पातं जेमतेम ३ इंचांचं, पण त्यानं माझे तीन शनिवार-रविवार खाल्ले.

माझा मामा रत्नागिरीकडे आंब्याची कलमं बांधतो. कोय कलम. म्हणजे काय, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला कोयी रुजवायच्या आणि रोप बारा-पंधरा दिवसांचं झालं, पानं अजून तांबूस आहेत, तेव्हाच त्याचा शेंडा उडवायचा. खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप घ्यायचा, ती पाचर चिरेत बसवायची आणि वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सगळा खेळ त्या कापाचा आहे. काप सपाट आणि एका झटक्यात आला, तर दोन्ही साली नीट भिडतात. सुरी बोथट असेल तर साल चेचते, मध्ये फट राहते आणि काडी वाळून जाते.

गेल्या वर्षी मामाच्या बाजारातल्या सुरीची धार टिकेना. धार गेली की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की सुरी घसरते. अंगठ्याला चार टाके पडले. मामा म्हणाला, "बाय, आता बास झालं. पुढच्या वर्षी नाय बांधणार." त्याचं वय ६३. मला ते ऐकवेना. ठरवलं, मृगाआधी त्याला सुरी करून द्यायची. विकत नाही, घडवून.

आमच्या भागात एक लोहारकाका आहेत, विळे-कोयते घडवतात. त्यांच्याकडे गेले. म्हणाले, "ताई, करा, पण घाई करायची नाही." लोखंड निवडलं ट्रकच्या जुन्या पाट्याचं. साध्या लोखंडी सळईत कार्बन फारच कमी असतो, त्यामुळे ती कितीही तापवून बुडवली तरी कडक होत नाही. पाट्याच्या पोलादात तो साधारण अर्धा-पाऊण टक्का असतो. एवढ्याशा कार्बनमुळेच धार टिकते.

भट्टीत तुकडा केशरी होईपर्यंत तापवायचा, सांडशीनं ऐरणीवर धरायचा आणि हातोड्यानं आकार द्यायचा. लाली उतरली की थांबायचं, परत भट्टीत. थंड लोखंडावर ठोकलं तर आत तडे जातात. डोळ्याला गॉगल आणि अंगात सुती कपडे हवेतच. सिंथेटिक कपड्यावर ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो.

आकार आल्यावर ते तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवलं. हळूहळू निवलं की पोलाद मऊ होतं आणि कानस चालते. कलमाच्या सुरीला उतार एकाच बाजूला देतात, दुसरी बाजू सपाट ठेवतात. म्हणून काप सरळ येतो.

आता खरी परीक्षा, पाणी देणं. म्हणजे पातं तापवून झटकन थंड करणं, त्यानं ते कडक होतं. ‘पाणी देणं’ म्हणतात, म्हणून मी खरंच बादलीतल्या पाण्यात बुडवलं! ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. मला वाटलं, झालं काम. काकांनी पातं उजेडात धरलं. धारेपासून वरपर्यंत केसाएवढी चीर. दोन आठवड्यांची मेहनत गेली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

काकांनी समजावलं. पाणी फार झटकन उष्णता ओढतं. पातळ धार आधी आकसते, जाड पाठ मागे राहते, आणि त्या ओढाताणीत पोलाद फाटतं. पाट्याच्या पोलादाला तेल पुरतं.

दुसरं पातं केलं. यावेळी बुडवण्याआधी ते तीनदा लाल करून नुसतं हवेत निवू दिलं, ठोकताना आत साठलेला ताण जावा म्हणून. मग परत तापवलं. पुरेसं तापलं हे ओळखायची युक्ती चुंबकाची. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला चुंबक चिकटेनासं होतं. तिथून अजून थोडं तापवायचं आणि कोमट तेलात टोकाकडून सरळ बुडवायचं. तेल भडकू शकतं, म्हणून जवळ झाकण ठेवायचं. बाहेर काढलं, कानस फिरवली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. कडक झालं!

पण इथे थांबलात तर फसलात. असं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, हातातून पडलं तर तुकडे. म्हणून ते घासून चकचकीत केलं आणि घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवलं. त्यावर गवतासारखा पिवळसर रंग चढला. थोडा कडकपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. हा भाग फोटोत दिसत नाही, पण सुरी यावरच चालते.

मग शिसवी मूठ बसवली आणि म्यानाकडे वळले. चामडं घेताना विचारून घ्या. क्रोमनं कमावलेल्या चामड्यातल्या क्षारांनी पातं गंजू शकतं. मी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला असतं तसलं घेतलं. ते भिजवलं, सुरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यावर दाबून आकार दिला आणि सावलीत वाळवलं. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याची एक जादा पट्टी घातली, नाहीतर सुरी आत जाताना शिवणच कापते. आरीनं भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घेतला. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही.

धारदार वस्तू हातात देऊ नये म्हणतात, म्हणून पाटावर ठेवली. मामानं म्यानातून सुरी काढली, आंब्याची एक काडी उचलली, एक काप घेतला आणि तो उजेडात धरून बघत बसला. बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोयी रुजवायला माती भरताना दिसला.

पंधरा दिवसांनी फोन आला, "बाय, तुझ्या म्यानाला बुरशी आली!" चूक माझी, सांगायला विसरले होते. कोकणातल्या पावसात चामडं ओल धरतं. सुरी म्यानात फक्त नेण्या-आणण्यापुरती ठेवायची. काम झालं की पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ती बाहेर ठेवायची आणि म्यानाला मेण चोळायचं. आता मामाचं म्यान चुलीच्या वर खुंटीला लटकतं.

आणि ते चिरलेलं पहिलं पातं माझ्या टेबलावर आहे. घाई झाली की त्याच्याकडे बघते.

तुम्ही कुणासाठी हातानं काय बनवलंय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!