रात्रीचा वर्ग, त्याची हजेरी आणि केडगांवची शेती

प्रौढांच्या वर्गास पैसा कोणत्या हिशेबानें द्यावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं शेतकऱ्याच्या कामाचा दिसत नाहीं. परंतु आपल्या भागांत अशा वर्गांत बसणारा बहुधा शेतकरीच असतो, आणि मध्येंच वर्ग सोडणाराही तोच. ज्वारी काढणीस आली, ऊस कारखान्यास जाऊं लागला किंवा पंपास रात्रीची वीज आली, कीं पाटी फळीवर जाते. यांत त्याचा दोष कसला?

२ ऑक्टोबर १९७८ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमांत एका केंद्रांत सुमारें ३० जण, मुदत १० महिने व शिक्षकास दरमहा ५० रुपये, असा साधारण बेत होता. आतां तिसांतून बारा गळाले म्हणून दिव्याचें तेल किंवा शिक्षकाचा वेळ कमी लागत नाहीं. अशा वेळीं मदत माणशीं मोजूं लागल्यास दोनच वाटा उरतात : वर्ग मोडणें, किंवा गेलेल्यांस कागदावर हजर ठेवणें. ज्यानें उभी नोकरी कचेरींत पत्रकें भरण्यांत घालविली, त्यास ही दुसरी वाट किती सोपी आहे हें सांगावयास नको.

याहून निराळी व्यवस्था पाहावयाची तर दूर जावें लागत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन काढलें व पुढें तें पुण्यास आणलें. त्याचा खर्च १८८७ सालीं बोस्टन येथें स्थापन झालेल्या मंडळीनें दहा वर्षांसाठीं पत्करिला होता. १८९३ सालीं धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा क्षोभ झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळांतून निघाले, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादांत कोणाची बाजू खरी, हा येथें विषय नव्हे. पाहावयाचें तें इतकेंच, कीं मदत डोईवर बांधलेली असती तर सदन त्याच वर्षीं बुडतें. ती मुदतीवर बांधलेली होती, म्हणून टिकलें.

मुदतही संपणारच होती. तिच्या आधींच रमाबाईंनीं केडगांवीं रेल्वेजवळ सुमारें शंभर एकर जमीन घेतली. फळझाडें लावावीं व त्यांच्या उत्पन्नावर संस्था चालवावी, असा हेतु होता. तोंच १८९६-९७ चा दुष्काळ आला, मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार स्त्रिया व मुली येथें आणल्या गेल्या, आणि मुक्तिसदन उभें राहिलें. एवढ्या तोंडांस बागेचें उत्पन्न पुरलें नाहीं, देणग्या लागल्याच. तरी जमीन हातीं होती म्हणूनच त्यांस आसरा देतां आला.

२०२२ ते २०२७ या मुदतीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमांत १५ वर्षांवरील निरक्षरांस स्वयंसेवकांनीं मानधनावांचून शिकवावयाचें आहे. खोट्या हजेरीचा मोह त्यानें कमी होईल. मात्र शिकणाऱ्याप्रमाणें स्वयंसेवकासही सुगी असते.

म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना अशी, कीं गांवच्या सोसायटीनें आपल्या वर्गास वर्षाची ठराविक रक्कम द्यावी, मग बसणारे दहा असोत वा तीस. शक्य तेथें पांच-दहा गुंठ्यांचें उत्पन्न तोडून द्यावें. सुगींत वर्ग उघडपणें बंद ठेवावा, व गेलेल्याचें नांव खोडूं नये. त्यापुढें “सुगीस गेला” असा शेरा लिहावा. श्रावणांत रब्बीच्या पेरणीस अवकाश असतो. वर्गाचें वर्ष तेथून धरावें.