संगणकाचीं पेवें आणि कीर्द

सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर, हरिपूर वसलें आहे. जमिनींत खोल खणलेल्या पेवांतून हळद सांठविण्याची तेथील रीत सर्वश्रुत आहे. प्रत्येक पेव स्वतंत्र. एकांत ओल शिरली म्हणून शेजारच्यांतील माल बिघडत नाहीं. संगणकाच्या डिस्कचे विभाग पाडतात, त्यामागेंहि हाच विचार आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली लिनक्स प्रणाली घरच्या संगणकावर बसवितांना पहिला प्रश्न येतो तो या विभागांचा. डिस्क २५६ गिगाबाइटची असेल, तर संगणक सुरू होण्यापुरता एक गिगाबाइटचा लहान विभाग, प्रणालीसाठीं पन्नास-साठ गिगाबाइटचा ‘रूट’, आणि उरलेल्या जागेंत ‘होम’ अशी वांटणी बहुतेक घरांस पुरते. मुलांचीं छायाचित्रें, घराचे दस्तऐवज, पत्रव्यवहार हें सारें ‘होम’मध्यें राहतें. पुढें प्रणाली नव्यानें बसविण्याची वेळ आली, तर केवळ ‘रूट’ पुसावा. ‘होम’समोर ‘फॉरमॅट’ची खूण नाहीं, हें दोनदां पाहून घ्यावें. सर्व संग्रह त्या एका खुणेवर अवलंबून असतो. पेवाची भिंत मागाहून सरकविणें कष्टाचें. म्हणून ‘रूट’ फार आंखूडहि ठेवूं नये. तो भरला, कीं शेजारीं मोकळी जागा असूनहि नवीन दुरुस्त्या बसत नाहींत.

दुसरा प्रश्न फाइल सिस्टिमचा. कोणती फाइल डिस्कवर कोठें ठेविली, याचा हिशेब म्हणजे फाइल सिस्टिम. सांगलीच्या पेठेंतील व्यापारी व्यवहार आधीं कीर्दींत टिपी, मग खतावणींत चढवी. २००८ सालीं सर्वांच्या वापरासाठीं सिद्ध झालेली ‘ईएक्सटी ४’ याच पद्धतीनें वागते. साताऱ्यास पावसाळ्यांत वीज एकाएकीं गेली, तरी पुन्हां सुरू होतांच संगणक कीर्द वाचून हिशेब जुळवितो. मात्र ही कीर्द सहसा मांडणीची असते, मजकुराची नव्हे. न जतन केलेला लेख ती परत देत नाहीं. ‘एक्सएफएस’ मोठ्या फाइलींस चांगली, पण तिचा विभाग वाढवितां येतो, लहान करतां येत नाहीं. ‘बीटीआरएफएस’ जुन्या स्थितीचे ठसे राखते, पण तिची निगा अधिक जाणतेपणानें ठेवावी लागते. साध्या कुटुंबास ‘ईएक्सटी ४’ हीच सोयीची. विंडोज असलेल्या संगणकाशीं देवघेव करावयाच्या पेनड्राइव्हसाठीं ‘एक्सफॅट’ घ्यावी. जुन्या ‘फॅट ३२’मध्यें चार गिगाबाइटची एक फाइल मावत नाहीं.

इतकें केलें तरी एक गोष्ट उरते. २००५ च्या महापुरांत हरिपूरच्या अनेक पेवांत पाणी शिरलें. तीं निरनिराळीं होतीं, पण नदीकांठ एकच होता. डिस्क बिघडली, कीं तिचे सारे विभाग एकदमच जातात. विभाग म्हणजे व्यवस्था, सुरक्षितता नव्हे. म्हणून सांगलीच्या घरांतील संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरून साताऱ्याच्या आप्तांकडे ठेवावी, आणि त्यांची सांगलीस. मग कृष्णेला पूर आला, तरी घराच्या आठवणी कोरड्या राहतील.