घर : पहिली शाळा

लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले सुभेदार रामजी सकपाळ बाल भीमरावांचा अभ्यास घरी स्वतः घेत. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेल्या त्या मुलाची विद्येची गोडी घरानेच जोपासली.

चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणाऱ्या पालकांनीही असाच आरंभ करावा. रोज अर्धा तास मुलासाठी राखावा. स्वतःस वाचता येत नसले, तरी गोष्ट सांगता येते. मग मुलाच्या नावातील अक्षरे दाखवावीत. बाजारातून आणलेले कांदे मोजून अंक शिकवावेत. लेखनाची घाई नको, चुकीला मार नको.

मात्र घर हा शाळेचा पर्याय नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा शिक्षणहक्क २०१० पासून अंमलात आहे. ज्यांच्या पूर्वजांना शाळेचे दार बंद होते, त्यांनी तो कदापि सोडू नये.