कांद्याच्या टरफलात दडलेला तांबडा

एप्रिलात मोडनिंबच्या स्वयंपाकघरात कांद्याची टरफलं शोधावी लागत नाहीत. उन्हाळी कांदा घरात आलेला असतो, टोपलीच्या तळाशी टरफलांचा ढीग साठलेला असतो. ईस्टरची अंडी रंगवायला युरोपात पिढ्यान्‌पिढ्या हीच टरफलं उकळत आले आहेत. आपण ती उकिरड्यावर टाकतो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

अंडी पांढरीच घ्यावीत; गावरान अंड्याच्या कवचात प्रोटोपॉर्फिरीनचा तपकिरी रंग आधीच असतो. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडून आतला बलक फुंकून काढायचा, त्याचं ऑम्लेट होतं. कवच धुवायचं. ओल्या कवचावर कोथिंबिरीचं पान चिकटवून जुन्या मलमलीच्या तुकड्यात अलगद बांधायचं. दोन मुठी टरफलं अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळली, की पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ते गाळून त्यात चमचाभर व्हिनेगर घालायचं. रिकामं अंडं आधी तरंगतं. भोकातून बुडबुडे सोडत भरतं आणि सावकाश बुडतं. मंद आचेवर पाव तास ठेवून गाठ सोडली, की तांबूस कवचावर कोथिंबिरीच्या पानाची फिकट नक्षी उमटलेली दिसते. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी बराच वेळ अंडं हातात फिरवत बसलो होतो.

हा रंग मुख्यतः क्वेर्सेटिनचा. कांद्याच्या सुक्या टरफलात तो भरपूर असतो. पण तो कवचाला धरतो कसा? कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. आपल्याकडच्या शहाबादी फरशीतही तेच असतं. तिच्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो तो यामुळेच. व्हिनेगरमधलं आम्ल कवच किंचित खरवडतं, कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे येतात, आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर रंगाला पाय रोवता येतात. कवचावर प्रथिनांचा पातळ थर असतो, त्यालाही रंगाचे रेणू चिकटतात. मात्र व्हिनेगर जास्त झालं तर थर निघून जातो आणि रंग डागाडागांचा बसतो.

अंडी टांगायला सुती दोरा लागतो आणि तिथे हे गणित बदलतं. सूत म्हणजे सेल्युलोज, त्यात प्रथिनं नाहीत. टरफलाचा रंग त्याला नुसता लागतो आणि धुतला की फिका पडतो. दोरा आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घ्यावा. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने क्वेर्सेटिनला धरून ठेवतं, आणि दोरा सोनेरी पिवळा होतो. हाच काढा लोखंडी कढईत केला तर लोहामुळे रंग काळपट होतो, म्हणून भांडं स्टीलचं घ्यावं.

काही अंडी मी हळदीत रंगवली. साबणाचे हात लागले तिथे पिवळ्याचे लाल ठिपके झाले. हळद-चुन्याच्या कुंकवात हेच होतं: अल्कली मिळाली की कर्क्युमिन लाल होतं. हळदीचा रंग उन्हात मात्र लवकर उडतो. म्हणून हळदीची अंडी ओसरीत सावलीला टांगली आहेत, कांद्याची खिडकीपाशी.